कोयनेचे बोगदे : पुराचे पाणी, उल्लोळ विहीर आणि स्कॉटलंडमधला पोकळ डोंगर

गेल्या अंकातील उत्तरांमध्ये कोयना धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख धरणापेक्षा डोंगरातल्या बोगद्यांकडे आहे. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र करून या वेळी सगळी जागा त्यांनाच देत आहे.

प्रश्न : ऑगस्ट उजाडला की आम्हा नदीकाठच्या लोकांच्या पोटात गोळा येतो. कोयनेचे दरवाजे उचलले की ते पाणी कराडवरून आमच्या शिवारात येते. त्याच धरणाचे पाणी वर्षभर बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात जात असते, मग पुराच्या चार दिवसांत सगळेच पाणी तिकडे का वळवत नाहीत? (एक वाचक, पलूस तालुका)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि सांगलीत तो दर पुरानंतर चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत सगळीकडे विचारला जातो. उत्तर मात्र हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून तो आधी मांडू.

कोयना प्रकल्पाच्या पोफळीतल्या पहिल्या दोन टप्प्यांची मिळून क्षमता ६०० मेगावॅट आहे आणि चौथ्या टप्प्याची १,००० मेगावॅट. धरणाच्या शिवसागर जलाशयातून थेट पाणी घेऊन डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पाठवणारे टप्पे एवढेच. तिसरा टप्पा त्यांनीच सोडलेल्या पाण्यावर खाली कोळकेवाडीला चालतो, तर पायथा वीजगृह आपले पाणी पूर्वेला नदीतच सोडते. जलाशय आणि पोफळी यांच्या पातळीत पाचशे मीटरच्या आतबाहेरचा फरक आहे. एवढ्या उंचीवरून सेकंदाला एक घनमीटर पाणी खाली आले, तर यंत्रांतील घट वजा जाता साधारण चार मेगावॅट वीज मिळते. त्यामुळे १,६०० मेगावॅटची सगळी यंत्रे एका वेळी पूर्ण भाराने चालवली, तरी बोगद्यांतून सेकंदाला चारशे घनमीटरपेक्षा कमीच पाणी जाईल, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत साडेतेरा ते चौदा हजार क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट). आता दुसरी बाजू पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढली होती, तेव्हा कोयनेच्या सांडव्यावरून लाखावर क्युसेक पाणी सोडावे लागले होते. एक लाख क्युसेक पश्चिमेला न्यायचे म्हटले, तर पहिल्या दोन टप्प्यांच्या पुरवठ्याचा जो बोगदा आहे तसे एकोणीस-वीस बोगदे शेजारी शेजारी खोदावे लागतील.

काही वाचक सुचवतात की वीज बनवण्याच्या भानगडीत न पडता टर्बाइन बाजूला ठेवून बोगदे नुसते मोकळे सोडावेत. हे मात्र होणे नाही. पाचशे मीटर खाली उतरलेले पाणी अडथळ्यावाचून बाहेर पडले, तर त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग टर्बाइनच्या चाकाने खाऊन टाकायचा, हीच तर त्या यंत्राची नेमणूक आहे. चाक काढून घेतले की तो वेग समोरच्या काँक्रीटवर आणि खडकावर उतरतो, आणि तिथे तो काही तासांत काय करील याची कल्पना आपण करू शकता. बोगद्याची रुंदी यंत्रांच्या तहानेवर ठरलेली असते, पुराच्या लोंढ्यावर नाही.

दुसरी अडचण डोंगराच्या पलीकडची आहे. पोफळीतून बाहेर पडलेले अवजल, म्हणजे यंत्रांनी वापरून सोडलेले पाणी, कोळकेवाडीच्या छोट्या जलाशयात थांबते, तिथे तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज देते आणि मग वाशिष्ठीत उतरून चिपळूणच्या अंगणातून दाभोळच्या खाडीकडे जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्व आणि पश्चिम असा भेद करत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले आणि त्याच आठवड्यात सांगलीतही कृष्णेने पात्र सोडले होते. आपल्या दारातले पाणी शेजाऱ्याच्या दारात लोटण्याची ही कल्पना त्या दिवशी चिपळूणकरांना कोणत्या शब्दांत सांगणार होतो, हे मला तरी सुचत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. कृष्णा खोऱ्याच्या पहिल्या लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, कोयनेतून पश्चिमेला वर्षाकाठी ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवण्याची मुभा दिलेली आहे. वरच्या हिशेबाने सर्व यंत्रे अहोरात्र चालली, तर दिवसाला सव्वा टीएमसीच्या आत पाणी जाते आणि वर्षाचा हा वाटा दोन महिन्यांच्या आतच संपतो. म्हणूनच कोयना हे सकाळ-संध्याकाळच्या वाढत्या मागणीच्या वेळी चालवायचे केंद्र झाले, चोवीस तास राबवायचे नव्हे. ‘बोगदे असतात मोकळे, मग चालवत का नाहीत’ या तक्रारीचेही उत्तर यातच आहे.

पुरावर उपाय नाही असे मी म्हणत नाही. धरण कोणत्या तारखेला किती भरलेले ठेवायचे, हा प्रश्न बोगद्यांपेक्षा कितीतरी मोलाचा आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

प्रश्न : माझे वडील नवजाच्या बाजूला बोगद्याच्या कामावर होते. ते वारंवार ‘उल्लोळ विहीर’ असा शब्द वापरत. पाणी तर धरणातून येते, मग डोंगराच्या माथ्यावर विहीर खणण्याचे कारण काय? (एक वाचक, पाटण)

उत्तर : हा शब्द आपण पत्रात लिहिलात याबद्दल आपले आभार. उल्लोळ म्हणजे उसळलेली मोठी लाट. परिभाषा घडवताना आपल्याकडे पुष्कळदा असे शब्द जन्माला येतात, की त्यापेक्षा इंग्रजी शब्द परवडला असे वाटावे. हा मात्र अगदी नेमका बसला आणि कामावरच्या माणसांच्या तोंडीही रुळला.

रात्रीच्या शांततेत घरातील नळ झटकन बंद केला, तर भिंतीतला पाइप ‘ठक्’ असा वाजतो. वाहते पाणी एकाएकी अडले की त्याची गती धक्क्याच्या रूपाने बाहेर पडते, त्याचा तो आवाज. आता हेच कोयनेच्या मापाने पाहू. जलाशयाकडून येणारा पहिला अधिजल बोगदा सुमारे पावणेचार किलोमीटर लांब आणि सव्वासहा मीटरहून थोडा अधिक व्यासाचा आहे. एवढ्या पोकळीत सुमारे एक लाख वीस हजार घनमीटर, म्हणजे तितकेच टन पाणी मावते, आणि यंत्रे पूर्ण भाराने चालू असताना ते सगळे सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास वेगाने पुढे सरकत असते. चार हजार टनांची एक मालगाडी धरली, तर एकामागे एक जोडलेल्या तीस भरलेल्या मालगाड्या सायकलच्या वेगाने चालल्या आहेत असे समजा. मुंबईकडच्या वीजवाहिनीत बिघाड झाला, जनित्रे बंद पडली आणि काही सेकंदांत झडपा मिटल्या, तर या तीस गाड्यांनी थांबायचे कुठे?

त्या उल्लोळ विहिरीत थांबतात. जवळजवळ आडवा चालत आलेला बोगदा जिथे संपतो आणि पाणी तिरप्या दाबबोगद्यांतून एकदम खाली झेप घेते, नेमक्या त्या सांध्यावर ही उभी विहीर कातळात खोदलेली असते. खालची वाट बंद झाली की बोगद्यातले पाणी विहिरीत चढू लागते, आपल्याच वजनाने त्याचा वेग मरतो, मग ते उलटे मागे जाते, पुन्हा चढते, आणि झोपाळा हळूहळू थांबावा तसे काही वेळाने शांत होते. विहिरीचे तोंड जलाशयाच्या सर्वोच्च पातळीच्याही वर ठेवावे लागते, म्हणून ती आपल्याला डोंगराच्या माथ्याकडे दिसते. यंत्र सुरू करताना तिचा उपयोग उलट्या दिशेने होतो. पावणेचार किलोमीटरचे पाणी जागेवरून हलून वेग घेईपर्यंत टर्बाइनला लागणारे पहिले पाणी ही विहीरच पुरवते. ती नसती, तर प्रत्येक वेळी यंत्र थांबवताना बोगद्याच्या अस्तराला तडे जाण्याची भीती बाळगावी लागली असती.

आपल्याच पत्रातला पुढचा प्रश्न वीजगृह डोंगराच्या पोटात का घातले असा आहे. पोफळीच्या बाजूला सह्याद्रीचा कडा भिंतीसारखा तुटलेला आहे. वीजगृह आत घेतले की पाणी कमीत कमी अंतरात खाली आणता येते आणि नळावरचा दाब सोसायला चारी बाजूंनी कातळ पाठीशी उभा राहतो. तळाशी हा दाब दर चौरस सेंटिमीटरला पंचेचाळीस किलोच्या पुढे जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या वीसपट. त्यामुळे खालच्या भागात पोलादी अस्तर लावतात आणि ते अस्तर व कातळ यांच्यामधली फट काँक्रीटने भरून काढतात. पोफळीला टर्बाइन पेल्टन जातीचे आहेत. त्यांच्या चाकाला वाट्या असतात आणि त्यांवर पाण्याचा फवारा आदळतो. अशा चाकाखाली हवा लागते, म्हणून तिथला अवजल बोगदा तुडुंब भरलेला नसतो. तो पाटासारखा वाहतो आणि वर मोकळी जागा राहते. मी फार वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो, तेव्हा यंत्रांच्या आवाजापेक्षा लक्षात राहिली ती चपलेच्या तळव्यातून वर चढणारी थरथर आणि बाहेर पाऊस कोसळत असताना आत अंगाला चिकटणारी ऊब.

प्रश्न : ‘लेक टॅपिंग’ कोयनेत झाले हे वर्तमानपत्रांत वाचले होते. भरलेल्या तलावाला खालून भोक पाडायचे आणि पाणी अंगावर येऊ द्यायचे नाही, हे कसे साधते? (एक वाचक, कराड)

उत्तर : कोयनेत ते दोनदा साधले : १३ मार्च १९९९ रोजी आणि २५ एप्रिल २०१२ रोजी. पहिल्या वेळी चौथ्या टप्प्याला पाणी देण्यासाठी आणि दुसऱ्या वेळी जलाशयाच्या आणखी खालच्या पातळीवरचे पाणीही वीजनिर्मितीसाठी घेता यावे म्हणून. मूळ तंत्र नॉर्वेचे. तिथे डोंगरातल्या नैसर्गिक तलावांना अशी भोके पाडण्याची परंपरा जुनी आहे.

गरज का पडली, हे आधी पाहू. नव्या बोगद्याचे तोंड जलाशयात उघडायचे, तर एरवी तळ कोरडा करून मगच काम करता येते. शिवसागर रिकामा करणे म्हणजे चालू असलेली वीजनिर्मिती बंद पाडणे आणि खाली नदीवर अवलंबून असलेल्या शिवारांना तोंड दाखवायला जागा न उरणे. खोल पाण्यात बांध घालून तेवढाच कोपरा कोरडा करणे हेही महागडे आणि धोक्याचे. मग उलट्या बाजूने यायचे ठरले.

बोगदा डोंगराच्या आतून तलावाच्या दिशेने खोदत आणतात. तळ जवळ येऊ लागला की काम मुंगीच्या पावलाने चालते. पुढचा भाग उडवण्याआधी बारीक लांब छिद्रे पाडून पाहतात आणि त्यांतून पाणी कितपत झिरपते ते मोजतात. जिथे धार लागते तिथे दाबाने सिमेंटचे पाणी भरून फटी बंद करतात आणि मगच पुढचा सुरुंग. बाजूला पाण्यावरूनही तळाची मोजणी चालू असते, कारण वर किती गाळ आहे आणि पक्का खडक कुठे लागतो, हे ठाऊक नसेल तर बाकी सारी काळजी व्यर्थ. शेवटी तलाव आणि बोगदा यांच्यामध्ये काही मीटर जाडीचा खडकाचा बूच तेवढा शिल्लक राहतो. वर तलावाचे पाणी आणि खाली त्या बुचाला छिद्रे पाडत उभी असलेली माणसे. या कामाची खरी परीक्षा शेवटच्या स्फोटापेक्षा या दिवसांतच होते, असे माझे मत आहे.

बुचाच्या अलीकडे बोगद्याच्या तळाला एक मोठा खड्डा आधीच करून ठेवलेला असतो. बूच फुटला की त्याचे तुकडे पाण्याच्या लोंढ्याबरोबर वीजगृहाकडे न जाता या खड्ड्यात पडावेत, म्हणून ही योजना. त्याच्याही पुढे पोलादी दरवाजे बंद केलेले असतात. दरवाजा आणि बूच यांच्यामधल्या पोकळीत थोडे पाणी भरतात आणि बुचाखाली हवेचा एक कप्पा मुद्दाम अडकवून ठेवतात. स्फोटानंतर आत घुसणारे पाणी या हवेला दाबते, हवा गादीसारखी आखडते आणि दरवाज्यावर आदळणारा धक्का सौम्य होतो. सुरुंगही एकदम उडवत नाहीत. मधली छिद्रे आधी, मग त्यांच्याभोवतीचे कडे, मग त्याबाहेरचे, अशी सेकंदाच्या अंशाअंशाने उडवणी होते, म्हणजे बूच नेमका ठरलेल्या घेराने मोकळा होतो. वरून पाहणाऱ्याला पाणी क्षणभर उसळून फेसाळलेले दिसते आणि सगळे पुन्हा निवांत होते. एवढ्या तयारीनंतर लोकांना दिसते ते इतकेच, म्हणून काहींचा हिरमोडही होतो.

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये आहे. तो ‘पोकळ डोंगर’ नावाचे वीजकेंद्र पाहून आला आणि म्हणतो की आपल्या कोयनेसारखेच आहे. दोन्हींत जुने कोणते, मोठे कोणते? आणि तिथे एक बोगदा कोसळला होता म्हणतात, तसे आपल्याकडे होईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपला भाचा क्रुआखनला गेलेला दिसतो. बेन क्रुआखन या डोंगराच्या आत लॉख ऑ या सरोवराच्या काठाशी हे केंद्र आहे आणि त्याचे उद्‌घाटन ऑक्टोबर १९६५ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले. कोयनेचे पहिले यंत्र १९६२ मध्ये सुरू झाले, म्हणजे थोरलेपण आपल्याकडे आहे. आकारानेही ४४० मेगावॅटचे क्रुआखन कोयनेपुढे लहानच आहे. कोयनेचे सगळे टप्पे आणि पायथा वीजगृह धरून बेरीज १,९६० मेगावॅट होते.

तरीही दोघांचा स्वभाव वेगळा आहे. कोयनेचे पाणी एकदा खाली उतरले की ते अरबी समुद्राचे झाले. क्रुआखनमध्ये मागणी कमी असताना तीच यंत्रे उलटी फिरवून सरोवरातले पाणी जवळजवळ चारशे मीटर वरच्या तलावात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडतात. वीज साठवून ठेवण्याचीच ही एक तऱ्हा. आपल्याकडे त्याचा नमुना पाहायचा असेल, तर घाटघरचे २५० मेगावॅटचे भूमिगत केंद्र आहे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाला बोगद्यांचा नाद फार जुना आहे. फोर्ट विल्यमच्या ॲल्युमिनियम कारखान्यासाठी १९२० च्या दशकात बेन नेव्हिस पर्वताच्या पोटातून सुमारे २४ किलोमीटरचा बोगदा काढला गेला. पुढे १९४३ च्या कायद्याने उत्तर स्कॉटलंडसाठी जलविद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कामांवर बोगदे खोदणाऱ्यांना ‘टनेल टायगर’ म्हणू लागले. त्यांत आयर्लंडच्या डोनेगलहून आलेले पुष्कळ होते. सेंट फिलन्स येथे १९५५ मध्ये त्यांनी सात दिवसांत ५५७ फूट बोगदा मारून त्या काळचा जागतिक विक्रम केला. क्रुआखनच्या कामावर अनेकांचे प्राण गेले, ही त्या विक्रमांची दुसरी बाजू.

आता कोसळलेला बोगदा. तो ग्लेन्डो येथील. लॉख नेसजवळ फोर्ट ऑगस्टसला १०० मेगावॅटच्या या केंद्राचे उद्‌घाटन जून २००९ मध्ये राणीच्याच हस्ते झाले आणि ऑगस्टमध्ये ते अधिजल बोगद्यात खडक कोसळून बंद पडले. कोसळलेल्या भागाला वळसा घालणारा नवा बोगदा काढून ते पुन्हा सुरू व्हायला २०१२ साल उजाडले. तो बोगदा अखंड फिरणाऱ्या यंत्राने कोरला होता आणि बहुतेक लांबीत त्याला काँक्रीटचे अस्तर नव्हते. खडक चांगला असला की अस्तर वाचवणे हा शहाणा निर्णय असतो. पण मध्ये भेगाळलेला कमकुवत पट्टा आला आणि वाहत्या पाण्याने तो धुऊन काढला, की वरचा भाग टेकूवाचून राहतो.

आपला कातळ वेगळा आहे. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक, भाकरीच्या चवडीसारखे आडवे बसलेले आहेत. त्यांतला काळा अभंग बसाल्ट सुरुंगालाही दाद देत नाही. पण दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो, जो घाटातल्या कापलेल्या दरडीत आपण कुंभार्ली उतरताना सहज पाहू शकता. पाणी लागले की तो ढासळतो. बोगदा आडवा आणि थरही आडवे, म्हणून असा पट्टा एकदा छताशी आला की पुष्कळ अंतर सोबत चालतो. त्यामुळे पावणेचार-चार किलोमीटरच्या अधिजल बोगद्यांना अस्तर करण्यात कोयनेत कंजुषी झाली नाही. ‘कधीच होणार नाही’ असे कोणत्याही बोगद्याबद्दल म्हणू नये, पण ग्लेन्डोच्या अपघाताला जे कारण झाले, ते येथे मुळातच टाळलेले आहे.

प्रश्न : १९६७ च्या भूकंपात बोगदे कसे टिकले? (एक वाचक, पाटण तालुका)

उत्तर : ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेल्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि कोयनानगरची घरे बसली. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीवर, आडव्या भेगा पडल्या. पुढे त्या भरून भिंतीला मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. बोगद्यांना आणि भूमिगत वीजगृहाला मात्र मोठी इजा झाली नाही. भिंत वर मोकळी असते, म्हणून ती शेंड्याकडे झाडासारखी डोलते. बोगदा चारी बाजूंनी कातळात धरलेला असतो आणि कातळ हलला की त्याच्याबरोबर हलतो. भूकंपाची भ्रंशरेषा बोगद्याला छेदून सरकली असती तर गोष्ट निराळी होती, तसे त्या पहाटे झाले नाही.